ग्लायकोसिलेशन म्हणजे डायबिटीस नव्हे, रिपोर्टवरच्या शब्दाने घाबरू नका

तुम्ही विचारलंय की आईच्या रिपोर्टवर एचबीएवनसी या शुगरच्या टेस्टच्या पुढे 'ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन' असं छापलंय, आणि नेटवर बघितलं तर ग्लायकोसिलेशनचं नाव कॅन्सरपासून फ्लूपर्यंत सगळीकडे येतं, तर हा आजार आहे का आणि साखर पूर्ण बंद केली तर थांबेल का.

आजार नाहीये, ग्लायकोसिलेशन म्हणजे पेशीने आपल्या प्रोटीनवर वगैरे साखरा बसवणं, आणि साखर बंद करून ते थांबणारही नाही. थांबलं तर माणूस जगणारच नाही. मी फोंड्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि हा प्रश्न काउंटरवर मला कितीतरी लोकांनी विचारलाय, घोळ सगळा त्या जुन्या शब्दाचा आहे. तिथे खरा शब्द पाहिजे 'ग्लायकेटेड'. रक्तात ग्लुकोज जास्त फिरत राहिलं की ते हिमोग्लोबिनला आपसूक जाऊन चिकटतं, कोणी चिकटवत नाही, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून त्या चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. चवथीला पोटभर नेवऱ्या खाल्ल्या आणि टेस्टच्या आधी दोन दिवस कडक पथ्य केलं तरी हा आकडा फसत नाही तो यामुळेच. ६.५ टक्के किंवा त्याच्या वर म्हणजे डायबिटीस. २०२३ च्या आयसीएमआरच्या (सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) मोठ्या पाहणीत आपल्या गोव्यात डायबिटीसचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त, म्हणून ही टेस्ट टाळू नका एवढं नक्की सांगेन.

ग्लायकोसिलेशन मात्र पेशी स्वतः करते, एंझाइम वापरून, ठरलेल्या जागी. प्रोटीन तयार होत असतानाच बऱ्याचदा त्याच्यावर १४ साखरांची एक तयार फांदी बसवली जाते, मग पुढे काही साखरा काढून, काही नव्या जोडून तिला शेवटचा आकार मिळतो. या फांदीलाच ग्लायकन म्हणतात. त्यातल्या मॅनोज, फ्युकोज, सियालिक ॲसिड वगैरे साखरा शरीर बहुतेक ग्लुकोजपासून स्वतःच बनवून घेतं, त्यामुळे तुम्ही चहात साखर घाला न घाला, हे काम चालूच राहतं.

सगळ्यात सोपं उदाहरण तुमचा ब्लड ग्रुप. लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीला टोकाला एक साखर लागली तर ए, दुसरी लागली तर बी, दोन्ही प्रकारच्या असल्या तर एबी, काहीच नाही लागलं तर ओ. फक्त एका साखरेचा फरक आणि चुकीचं रक्त चढलं तर जीव जातो! १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक शोधले की ज्यांच्या पेशींवर ओ वाल्यांकडे असते ती खालची साखळीसुद्धा पूर्ण नसते, फ्युकोजच बसलेलं नसतं, तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. आम्ही ग्रुप तपासायची अँटी-ए आणि अँटी-बी ही द्रावणं टाकून बघितलं तर तो ओ सारखाच दिसतो, दोन्हींत गुठळ्या नाहीत, पण त्याच्या सिरममध्ये ओ च्या पेशी टाकल्या की गुठळ्या होतात आणि मग कळतं. म्हणून क्रॉसमॅचला, म्हणजे चढवायचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघायला, वेळ लागला तर नातेवाईकांनी चिडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता माझ्या घरचं सांगते, कारण आपसूक चिकटलेली साखर आणि पेशीने बसवलेली साखर, या दोन्ही गोष्टी मी एकाच माणसात बघितल्या. माझ्या बाबांना जुना डायबिटीस, त्यात किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन बनवते जे लाल पेशी तयार करायला सांगतं, ते कमी पडलं की हिमोग्लोबिन खाली येतं, म्हणून त्याची इंजेक्शनं देतात. या हार्मोनच्या वजनातला जवळजवळ ४० टक्के भाग साखरेचा असतो. फांद्यांच्या टोकाचं सियालिक ॲसिड निघून गेलं तर लिव्हर ते हार्मोन काही मिनिटांत रक्तातून उचलून टाकतं. बॅक्टेरियाला अशा फांद्या बसवता येत नाहीत म्हणून हे औषध हॅमस्टरच्या पेशींमध्ये बनवावं लागतं आणि महाग पडतं. पुढे डार्बेपोएटिन आलं, त्यात मुद्दाम दोन फांद्या जास्त बसवल्यात, त्यामुळे ते शरीरात साधारण तिप्पट वेळ टिकतं आणि इंजेक्शनं कमी लागतात. बाबांचे सुईने काळेनिळे झालेले दंड बघितल्यावर त्या दोन फांद्यांची किंमत मला कळली.

काही मुलांमध्ये जन्मतःच या फांद्या बसवणाऱ्या एंझाइममध्ये दोष असतो, मग मेंदू, लिव्हर, रक्त गोठणं, सगळीकडेच त्रास होतो. बहुतेक प्रकारांवर अजून नेमका इलाज नाही, पण एका प्रकारात नुसतं मॅनोज तोंडाने देऊन मुलं खूप सुधारतात, म्हणजे तिथे साखर हेच औषध! फ्लूचा व्हायरस आपल्या पेशीला धरतो तो सियालिक ॲसिडलाच, आणि बाहेर पडताना तेच कापतो, टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध ते कापणं अडवतं. कॅन्सरच्या पेशींवरच्या फांद्याही बदलतात, सीए १९-९ ही कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची टेस्ट अशाच एका साखरेची आहे, पण काही लोकांचं शरीर ती साखर बनवतच नाही, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नका.

आणि तुमच्या आईबद्दल. बाबांचं एचबीएवनसी एकदा ५.९ आलं, आम्ही सगळे खूश, आणि घरच्या ग्लुकोमीटरवर मात्र रोज २०० च्या वर. इंजेक्शनमुळे नव्या कोवळ्या लाल पेशी भराभर येत होत्या, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळाला नव्हता. उलट लोह कमी असेल तर आकडा खोटाच वर जाऊ शकतो. तेव्हा आईच्या त्याच रिपोर्टवर हिमोग्लोबिन किती आहे ते बघा, कमी असेल किंवा अलीकडे रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगरही दाखवा.