वाचकांचे प्रश्न : मतदान नेमकं कुठे हुकतं?

मतदानाबद्दल प्रश्न पाठवा म्हटल्यावर आलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात ‘लोकांना काही पडलेलीच नाही’ अशी होती. त्याच पत्रांत पुढे लिहिलेल्या अडचणी मात्र यादीच्या, रजेच्या, पत्त्याच्या होत्या. त्यातली निवडक पत्रं आणि उत्तरं.

२०२४च्या विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यात ७६ टक्के मतदान झालं आणि कुलाब्यात ४४ टक्के. शहरातला शिकलेला माणूसच बेजबाबदार, असं समजायचं का? (दादर)

आकडे बरोबर आहेत. त्या निवडणुकीत सगळ्या राज्याचं मतदान ६६ टक्के होतं. पण टक्केवारी काढताना भागायचं कशानं, तर यादीतल्या नावांनी. त्या भागात खरोखर राहणाऱ्या माणसांनी नाही. एका केंद्रावर १,००० नावं आहेत, त्यातली १५० मयत, लग्न होऊन गेलेल्या मुलींची किंवा घर सोडून गेलेल्या भाडेकरूंची आहेत असं धरा. ५५० जणांनी मत दिलं तर कागदावर ५५ टक्के. हजर असलेल्या ८५० पैकी मात्र जवळजवळ ६५ टक्के. गावात कोण वारलं, कोण पुण्याला गेलं हे बीएलओला म्हणजे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला पारावरच कळतं. मुंबईत पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होते, माणसं भाड्यानं मीरा रोडला जातात आणि नावं गिरगावातच राहतात. घरातलं माणूस गेल्यावर मृत्यूदाखला जोडून नमुना ७ भरला की नाव निघतं. बँकेतलं नाव काढायला आपण जातो, हे राहून जातं.

चूक उलट बाजूनंही होते. ज्यानं नाव नोंदवलंच नाही, तो टक्केवारीत कुठेच दिसत नाही. २०२४च्या लोकसभेच्या यादीत साधारण ९७ कोटी नावं होती. त्यात १८-१९ वर्षांचे १.८ कोटींच्या आसपास. देशात एकेका वयाची मुलं सव्वादोन-अडीच कोटींच्या घरात आहेत, म्हणजे या दोन वयांतले निम्म्याहून अधिक तरुण यादीबाहेरच होते. २०२२पासून १ जानेवारीबरोबरच १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही अठरा वर्षं पूर्ण झाली का हे बघायला धरतात आणि सतराव्या वर्षीच नाव नोंदवायचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. कॉलेजात प्रवेश घेतानाच तो भरून घेतला तर पथनाट्यांपेक्षा जास्त फरक पडेल, असं आमचं मत.

हे सगळं वजा केलं तरी खरी उदासीनता उरतेच. टॉवरमधल्या कुटुंबाचं पाणी टँकरनं येतं, वीज गेली तर जनरेटर आहे, शाळा आणि दवाखाना खासगी. त्यांना नगरसेवकाकडे जायची वेळ क्वचित येते. वस्तीतल्या माणसाला नळजोडणी, रेशनकार्ड आणि पुनर्वसनाची पात्रता यादी या प्रत्येक कामाला लोकप्रतिनिधी लागतो; तो सकाळी सातला रांगेत असतो. शिवाय गावात कार्यकर्ता ओट्यावर येऊन बसतो, सोसायटीत त्याला गेटवरचा वॉचमनच परत पाठवतो. शिक्षणापेक्षा गरज आणि ओळख यांचा हा हिशेब आहे. २० मे २०२४ला मुंबईतलं लोकसभेचं मतदान सोमवारी आलं आणि लोक शनिवारीच बाहेरगावी गेले, अशी ओरड झाली. म्हणून विधानसभेला आयोगानं मुद्दाम बुधवार धरला. तरी मुंबई शहर जिल्हा ५२ टक्क्यांवरच थांबला.

माझ्याकडे मतदार ओळखपत्र आहे, तरीही केंद्रावर ‘नाव नाही’ म्हणून परत पाठवलं. कार्डाचा उपयोग काय? (पिंपरी)

कार्ड तुमची ओळख पटवतं. मताचा हक्क यादीतल्या नावानं मिळतो. यादीत नाव असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक अशा बारा कागदांपैकी कोणताही चालतो. नाव नसेल तर कार्ड दाखवूनही मत देता येत नाही आणि त्या दिवशी केंद्राध्यक्षाला नाव घालण्याचा अधिकारही नसतो. २०१४च्या लोकसभेला पुण्यात हजारो लोक असेच परत गेले होते.

करायचं ते आधी. आयोगाच्या संकेतस्थळावर कार्डाच्या क्रमांकानं शोधा. सापडलं नाही तर नाव, वय आणि मतदारसंघ टाकून शोधा, कारण नोंदीत क्रमांक किंवा स्पेलिंग चुकलेलं असू शकतं. तेही जमलं नाही तर १९५० या क्रमांकावर फोन करा. नाव जुन्या पत्त्यावर असेल तर नमुना ८. मतदारसंघ बदलला असला तरी आता तोच भरायचा. पुष्कळ जण नव्या पत्त्यावर परत नमुना ६ भरतात. मग दोन ठिकाणी नावं होतात आणि पडताळणीत नेमकं नवं उडतं. नाव कुठेच नसेल तर मात्र नमुना ६ नव्यानं.

मुदतीत सगळे फसतात. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही, आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून तुमचा अर्ज त्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी पोचायला हवा. प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर आठवण आली तर वेळ गेलेली असते. आणखी एक : घरपोच येणारी मतदार चिठ्ठी २०१९पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. मोबाइल केंद्रात नेता येत नाही, त्यामुळे त्यातला आधारचा फोटोही कामाचा नाही. कागद खिशात ठेवा.

एकही उमेदवार लायक नाही. नोटा (‘वरीलपैकी कुणीही नाही’चं बटण) दाबणं आणि घरी बसणं यात फरक काय? (नाशिक)

निकालावर म्हणाल तर लोकसभा-विधानसभेत काहीच नाही. नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या बेरजेतही नोटा धरत नाहीत. २०२४ला इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली, दुसरा क्रमांक. विजयी उमेदवार तरीही अकरा लाखांहून अधिक मतांनी आला. आपल्याकडे २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतांनी दुसरा होता.

फरक नोंदीत आहे. २७ सप्टेंबर २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटाचं बटण आलं. त्याआधी नकार द्यायचा तर अधिकाऱ्याला तसं सांगून नोंदवहीत लिहून घ्यावं लागे, म्हणजे गुप्तता संपली. आता नकार गुप्त राहतो आणि मोजलाही जातो. घरी बसलेल्याचा राग मात्र वर सांगितलेल्या मयत नावांच्या शेजारी जाऊन पडतो. कोणताही पक्ष त्यातून काही वाचू शकत नाही.

महापालिका, नगरपालिकांची गोष्ट वेगळी आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८च्या आदेशानं तिथे नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची आहे. दात असलेला नोटा हवा असेल तर तो इथे आहे, आणि नेमक्या याच निवडणुकीला सुशिक्षित मंडळी जात नाहीत.

‘एका मतानं काय होतं’ हेही याच पत्रात आहे. २०२४ला मुंबई वायव्य लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. तिथे नोटाची मतं पंधरा हजारांवर होती.

आमच्या गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. त्यांनी मत कसं द्यायचं? (बीड जिल्हा)

याला आज सोपं उत्तर नाही. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि २० नोव्हेंबर २०२४चं मतदान त्यातच आलं. टपाली मत सैनिक, निवडणूक कर्मचारी, अत्यावश्यक सेवेतले काही जण, ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्क्यांवर दिव्यांग यांच्यापुरतं आहे. स्थलांतरित मजुराला नाही. दुसऱ्या गावातून मत देता येईल अशा यंत्राचं प्रात्यक्षिक आयोगानं जानेवारी २०२३मध्ये पक्षांना दाखवायचं ठरवलं होतं, पण पक्षांच्या हरकती आल्या आणि ते मागे पडलं. फडाच्या पत्त्यावर नाव हलवलं तर चार महिन्यांसाठी गावच्या ग्रामपंचायतीतलं मत जातं. तो सल्ला आम्ही देणार नाही.

कायद्यानं (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३५ ब) मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी रोजंदारीवरच्या मजुरालाही आहे, नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी. न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडीला, मुकादम सोडेल तो या दंडाच्या धाकानं नव्हे. टोळीच्या वतीनं कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे पाठवा; तोडणीचं वेळापत्रक एका दिवसानं पुढेमागे करणं कारखान्याला जमू शकतं. गाडीचं भाडं उमेदवाराकडून घेऊ नका. मतदारांची फुकट ने-आण हा भ्रष्ट मार्ग धरला जातो. मतदारांनी आपसांत वर्गणी काढून गाडी केली तर चालतं.

आई ८७ वर्षांची आहे, जिना उतरत नाही. (रत्नागिरी)

घरून मत देता येईल. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ड बीएलओकडे द्यायचा. मग मतदान पथक आधी कळवून घरी येतं. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

मी दुबईत असतो. भारतीय पासपोर्ट आहे. (ईमेलनं)

नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या गावच्या यादीत नाव घालता येतं. मत देण्यासाठी मात्र मूळ पासपोर्ट घेऊन त्या केंद्रावर स्वतः यावं लागतं; ऑनलाइन किंवा दूतावासातून मत देण्याची सोय नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या) कार्डावर मत नाही.

माझ्या नावानं आधीच कुणी मत देऊन गेलं होतं. मी भांडून परत आलो. (ठाणे)

परत यायला नको होतं. केंद्राध्यक्षांनी ओळख तपासली आणि ती पटली की तुम्हाला ‘प्रदत्त मत’ मागता येतं. ते यंत्रावर नसतं. छापील मतपत्रिका मिळते, वेगळ्या यादीत सही घेतात आणि मत लिफाफ्यात बंद होतं. ते नेहमीच्या मोजणीत येत नाही, निवडणुकीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं तर उपयोगी पडतं. आणि वेळेची चिंता असेल तर : सहाच्या ठोक्याला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते, तीही शेवटच्या माणसापासून पुढे येत, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. चिठ्ठी हातात असेल तर रात्री आठ वाजले तरी तुमचं मत घेतलं जातं.