बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर एमआरआयमध्ये दिसतो का?

आपल्या धाकट्या बहिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नातेसंबंध सतत अस्थिर ठेवणारा मानसिक विकार, असल्याचे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले आहे, घरची मंडळी मात्र त्याला नाटक म्हणतात, तेव्हा नागपुरात मेंदूचा एमआरआय करून त्यांना पुरावा दाखवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी धंतोलीतील एका स्कॅन सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे. केवळ पुराव्यासाठी एमआरआय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडचा नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव किंवा पक्षाघाताच्या खुणा शोधण्यासाठी असतो. बहिणीचा रिपोर्ट बहुधा नॉर्मल येईल आणि तोच कागद घरात तिच्याविरुद्ध वापरला जाईल. काउंटरवरच लिफाफा उघडून, "पाह्य, काहीच नाही निघालं न!" असे मुलीला सुनावणारे वडील मी पाहिले आहेत. ती मुलगी हातातल्या ओढणीचे टोक पिळत गप्प उभी होती.

संशोधनातले स्कॅन वेगळे असतात. २००० साली जर्मनीत हा विकार असलेल्या २१ स्त्रियांची तुलना तितक्याच निरोगी स्त्रियांशी केली गेली, तेव्हा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस सरासरी सुमारे १६ टक्के आणि भीतीची चाहूल घेणारा अमिग्डाला सुमारे ८ टक्के लहान आढळला. पुढे फंक्शनल एमआरआय, म्हणजे काम करणाऱ्या भागातील रक्तातल्या प्राणवायूचे बदल टिपणारी पद्धत, वापरून येल विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये रुग्णांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. त्यांचा डावा अमिग्डाला निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक तीव्रतेने प्रतिसाद देत होता आणि काहींना तर कोणताच भाव नसलेला चेहराही धमकावणारा वाटला. आपल्या घरच्यांना सांगण्याजोगी गोष्ट मला हीच वाटते, कारण "मी तर काही बोललोच नाही, तरी ही चिडली" ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात असते. भावनांना आवर घालणारा कपाळामागचा भाग अशा वेळी पुरेसा सक्रिय होत नाही, असेही काही अभ्यासांत दिसले आहे.

मात्र हे सारे आकडे गटाच्या सरासरीचे आहेत. रुग्ण आणि निरोगी व्यक्तींची मापे एकमेकांत इतकी मिसळतात की एकट्या व्यक्तीच्या स्कॅनवरून निदान होऊच शकत नाही. शिवाय लहानपणीचे आघात आणि नैराश्य यांतही असेच बदल आढळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अजून सुटलेले नाही. निदान आजही सविस्तर मुलाखतीवरूनच होते, आणि ते आपल्या डॉक्टरांनी केलेले आहे.

फिट येणे किंवा सतत डोकेदुखी यासाठी त्यांनीच एमआरआय लिहून दिला, तर अवश्य करावा. एरवी तो खर्च, तीव्र भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीसारख्या मानसोपचारावर करावा, आणि पुढच्या भेटीला आई-बाबांना सोबत नेऊन डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलायला सांगावे. बहीण स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर त्या भेटीची वाट पाहू नका. तिला एकटे न ठेवता लगेच रुग्णालयात न्या. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन रात्रीही सुरू असते.