पायाखाली चिखल, तरी सेन्सर म्हणतो कोरडं

प्रश्न : ठिबकच्या प्लॉटमध्ये बिनतारी ओलावा सेन्सर बसवलेत. बुडाशी चिखल असला तरी एक सेन्सर ‘१२ टक्के’ दाखवतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मका वाढल्यापासून दुसऱ्याचा सिग्नलही तुटतो. सेन्सर बदलू का?

उत्तर : खर्च करण्याआधी तो सेन्सर उपटून, पुसून हवेत धरा आणि मग खुणेपर्यंत बादलीतल्या पाण्यात बुडवा. आकडा तळापासून झपकन वर गेला, तर सेन्सर ठणठणीत आहे. दोष बसवण्यात आहे. कपॅसिटिव्ह सेन्सर मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विजेचा भार साठवायची तिची क्षमता मोजतो; ओल जास्त, तितका तो जास्त. पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. सेन्सरच्या पात्याला चिकटून बोटभर पोकळी राहिली किंवा भारी जमिनीत तिथेच भेग पडली, की तो हवाच मोजत बसतो. त्याच खड्ड्यातल्या मातीचा पातळ राबडा करून छिद्रात ओता, पातं त्यात दाबा आणि दोन दिवस त्या आकड्यावर विसंबू नका. जागा मुळांच्या पट्ट्यातली हवी, ड्रिपरपासून साधारण वीतभर दूर; अगदी ड्रिपरखाली ठेवलात तर उलटी फसगत होईल.

पॅकिंगवर छापलेली टक्केवारी मी तरी मानत नाही. एकच आकडा वाळूत ओल असतो, चिकणमातीत दुष्काळ. भरपूर पाणी द्या, हलक्या जमिनीत एक दिवस, भारीत दोन-तीन दिवस थांबा. वाफसा आला की दिसेल तो तुमच्या शेताचा वरचा आकडा. पीक मान टाकतं तो खालचा. दोन्हींच्या मध्यावर येण्याआधी पाणी सुरू व्हावं, भाजीपाल्याला त्याहून लवकर.

सिग्नलचं म्हणाल, तर मक्याची पानं पाण्याने भरलेली असतात, ती लहरी शोषतात. अँटेना पिकाच्या शेंड्यावर जाईल असा पाइप रोवा.

आणि हे आजच तपासा. बॅटरीवरचे बरेच व्हॉल्व्ह लॅचिंग असतात : उघडायला एक झटका, बंद करायला दुसरा. बॅटरी उघड्या अवस्थेत संपली, तर पाणी रात्रभर वाहतं. कंट्रोलरमध्ये एका पाळीची कमाल वेळ घाला, नोड (सेन्सरचा आकडा पाठवणारा बिनतारी संच) गप्प झाला की मोटर थांबेल अशी सोय करून घ्या. तोवर तो प्लॉट हातानेच भिजवा.