पहिल्या टॉर्चसाठी वायर किती जाड?

एका १८६५० सेलवर (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) पहिली टॉर्च बांधताय ना? मग सरळ २२ गेजची सिलिकॉन वायर घ्या. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, नवखे बहुतेक इथेच फसतात.

ड्रायव्हर (एलईडीचा करंट सांभाळणारा छोटा बोर्ड) ते एलईडी, जाऊन-येऊन १० सेंमी वायर आणि ६ अँपिअर करंट धरा. २८ गेजमध्ये साधारण ०.१३ व्होल्ट वाया जातो, २२ मध्ये जेमतेम ०.०३. सेल उतरत आला की हा फरक उजेडात दिसतो. करंट ३ अँपिअरच्या आत असेल तर २४ गेजही पुरते.

१८ गेजचा मोह मात्र नको. ती एलईडीकडे जाणाऱ्या भोकातून जात नाही, नीट वाकत नाही आणि ताण बसला की बोर्डावरचा पॅडच (तार सोल्डर करायची तांब्याची टिकली) उखडते.

आणखी तीन गोष्टी:
- वायर आखूड ठेवा, जुळणी करताना ओढली जाणार नाही एवढीच ढील.
- पीव्हीसी वायर टाळा. सोल्डरिंगच्या उष्णतेनं आवरण मागे सरकतं, तांबं उघडं पडतं आणि बॉडीला शॉर्ट होतं. लिथियम सेल असताना ही चेष्टा नाही.
- शेपटीकडची स्प्रिंग! तिचा रोध कधीकधी सगळ्या वायरपेक्षा जास्त भरतो. आतून वायरचा छोटा तुकडा दोन्ही टोकांना जोडा.