सभासदत्व पंचवीस वर्षांचं, सुटी दोन रात्रींची

प्रश्न थोडक्यात असा : डोंबिवलीत राहणारं जोडपं, 11 आणि 7 वर्षांची दोन मुलं. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,15,000, त्यातून गृहकर्जाचा हप्ता 32,000. एका हॉलिडे क्लबचं 25 वर्षांचं सभासदत्व 4,80,000 ला मिळतंय. वर्षाला सात रात्री, 40,000 आधी, मग 11,800 चे 48 हप्ते, शिवाय दरवर्षी 18,000 देखभाल खर्च. शनिवारपर्यंत सही केली तर सूट. टोकन म्हणून 10,000 देऊन झालेत. ‘नाहीतरी वर्षातून तीन-चारदा कुठेतरी जातोच, मग घ्यावं का?’

नमस्कार,

घेऊ नका.

तुमच्याच आकड्यांनी सांगतो. हप्ते धरून 4,80,000 चे होतात 6,06,400. ते 175 रात्रींवर वाटले तर रात्रीला साधारण 3,465. देखभालीचे 18,000 सात रात्रींवर वाटले की आणखी 2,570. म्हणजे सहा हजारांची खोली झाली, जेवण वेगळंच. आणि तुम्हीच लिहिलंय की गेल्या डिसेंबरात गुहागरला एका घरगुती सोयीत रात्रीला 2,200 दिले, आमटी-भात, वर सोलकढी मुलांनी दोनदा मागून घेतली. वर्षात चार सहली, प्रत्येकी दोन रात्री, अशा आठ रात्रींचे होतात 17,600. क्लबचा नुसता देखभाल खर्चच त्यापेक्षा जास्त आहे!

विक्रेता म्हणेल, हॉटेलचे दर वाढतच जाणार, तुम्ही आजचा भाव अडकवून ठेवताय. अडकतात ते तुमचे पैसे. देखभाल खर्च दरवर्षी वाढू शकतो, असं तुम्ही पाठवलेल्या पानावर छापलंय. तो 8 टक्क्यांनी वाढत गेला तर नऊ वर्षांत दुप्पट. गुहागरचा खोलीवाला महाग झाला तर तुम्ही वेळणेश्वरला जाल, नाहीतर वाईला. क्लबला मात्र नाही म्हणता येत नाही, त्या वर्षी घराबाहेर पाऊल टाकलं नाहीत तरी.

पण आकड्यांपेक्षा मला खटकलं ते वेगळंच. वहिनी बँकेत, म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार सुटी. तुमच्या सगळ्या सहली शुक्रवारी रात्री ठरतात, ‘निघू या का?’ म्हणत. हे सभासदत्व मधल्या हंगामाचं आहे, म्हणजे नाताळ आणि मे महिना वगळून, आणि बुकिंग काही महिने आधी. तेही रिसॉर्ट जिथे आहे तिथेच. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पाय सोडून बसायचं, गुहागरात व्याडेश्वराचं दर्शन घेऊन जवळच्या किनाऱ्यावर जायचं, याला क्लब लागत नाही. वर्षातून एकदा सलग आठवडा काढून ठरलेल्या ठिकाणी जाणारं निवृत्त जोडपं असतं तर मी इतक्या ठामपणे नाही म्हटलं नसतं.

मीही एकदा अशा क्लबवाल्यांच्या ‘फुकट जेवणा’ला बसलोय. कुणी सही केली की हॉलमध्ये घंटा वाजवायचे आणि सगळे टाळ्या. तिसऱ्या घंटेला माझाही हात पेनाकडे गेला होता. तेव्हा तुम्ही टोकन दिलंत म्हणून तुम्हाला काय बोलणार!

आता त्या 11,800 चं काय करायचं? तुमची एक सहल सगळं धरून 13,000 ची. चार सहलींचे 52,000. महिना 4,500 साठी वेगळं बचत खातं उघडा, त्याला ‘फिरणं’ म्हणा आणि त्यातूनच खर्च करा. उरलेले 7,300 आणीबाणीच्या निधीत. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 75,000 लागतात आणि बाजूला आहेत फक्त 90,000. एकाची नोकरी गेली तर? दोन वर्षांत व्याज न धरताही त्या 90,000 चे 2,65,200 होतील. क्लबला द्यायचे 40,000 तर आजच तिकडे वळवा.

खर्च आणखी कमी करायचा तर दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी तुमच्या दारातच आहे. चिपळूणला उतरा, पुढे एसटी. एसटीत वहिनींना आणि दोन्ही मुलांना अर्धं तिकीट, पूर्ण भाडं फक्त तुमचं. कंपनी एलटीए, म्हणजे सुटीतल्या प्रवासाचा भत्ता, देत असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांच्या भाड्यावर करसवलत मिळते. खोलीच्या बिलावर नाही, हे लक्षात ठेवा.

शनिवारी फोन येईल, सूट आणखी वाढवतील. टोकनच्या पावतीची मागची बाजू आज रात्रीच वाचा. पैसे परत मिळण्याची मुदत दिली असेल तर त्याआधी ई-मेलनेच नकार कळवा, फोनवर नको.