सव्वा लाखाचा बेस आणि डावा खांदा

प्रश्न: वय ४४. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, हातात ५८ हजार येतात. कॉलेजपासून बेस गिटार वाजवतो, सीझनला ऑर्केस्ट्रात असतो. वीस वर्षं मनात असलेला ‘जॅझ बेस’ या मॉडेलचा बेस गिटार, सत्तरच्या दशकातल्या धाटणीचा, ॲश लाकडाचा, चार महिन्यांपूर्वी पुण्याहून नवाकोरा आणला. १ लाख ७८ हजार पडले. त्यातले ७८ हजार भिशीचे, बाकी एक लाख क्रेडिट कार्डावर १८ हप्त्यांत, १६ टक्क्यांनी. आवाजाबद्दल तक्रार नाही. पण तो ४.९ किलो भरतो. तीन तासांचा कार्यक्रम झाला की डावा खांदा आणि कंबर दोन दिवस धरते. एक मित्र सव्वा लाखाला मागतोय. बायको म्हणते, विकून मोकळे व्हा. मला वाटतं हा घरी ठेवावा आणि कार्यक्रमांसाठी ४५ हजारांचा हलका बेस घ्यावा. त्यासाठी नववीतल्या मुलीची चार हजारांची एसआयपी वर्षभर थांबवू का? आणि एक लाखाची एफडी आहे, ती मोडून कार्ड फेडून टाकू का?

उत्तर:

पैशाचं नंतर बोलू. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल पडल्यासारखी वाटत असेल तर पुढचं काही न वाचता आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसलं तरी एकदा दाखवाच. मणक्याचं निदान आर्थिक सल्लागाराकडून करून घेऊ नये.

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला बेस घेऊनच ऑफिसला बोलावलं, ते बरं झालं. बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला अडकवला तर ४.९ च आला. मग मी तो गळ्यात घालून उभा राहिलो. मला एक सूर काढता येत नाही, पण दहा मिनिटांत दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे तुमचा पट्टा जेमतेम दोन इंच रुंद, नायलॉनचा, त्यामुळे सगळा भार खांद्याच्या एका रेघेवर येतो. दुसरं, हात सोडला की बेसची मान, म्हणजे सूर दाबायची लांब दांडी, खाली जाते. म्हणजे तुमचा डावा हात तीन तास सूर दाबतो आणि वर त्या मानेला उचलूनही धरतो. बेसची तार मानेच्या टोकाजवळच्या नटपासून खोडावरच्या ब्रिजपर्यंत ३४ इंच असते, साध्या इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीसच्या आसपास. एवढी लांब मान आणि तिच्या टोकाला चार जाडजूड खुंट्या. खांदा भरून येईल नाहीतर काय!

आणि निघताना तुम्ही सहज बोलून गेलात की कार्यक्रमाला तुमचा कॉम्बो ॲम्प, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, तुम्हीच नेता. बावीस किलोचा. टेम्पोतून काढून स्टेजवर, रात्री एक वाजता परत टेम्पोत. हे पत्रात का नव्हतं? पाच किलोच्या वाद्यावर खटला चालवायचा आणि बावीस किलोचा आरोपी बाहेर फिरतोय. कंबर नक्की कशानं धरते ते डॉक्टर सांगतील, पण माझा संशय कुणावर आहे ते तुम्हाला कळलं असेल.

आता व्यवहार. १ लाख ७८ हजारांना घेतलेली वस्तू सव्वा लाखाला द्यायची म्हणजे ५३ हजारांचा खड्डा, आणि तो तुम्हाला झोपू देत नाही असं तुम्ही दोनदा म्हणालात. वडगावच्या बाजारात बैल विकायला आलेला माणूस ‘मी केवढ्याला घेतला होता’ हे गिऱ्हाइकाला ऐकवत बसत नाही, कारण गिऱ्हाईक आजचे दात आणि आजची चाल बघतं. तुमच्या बेसचंही तेच. तो बेस दुकानाबाहेर आला त्याच दिवशी त्या ५३ हजारांतला मोठा भाग गेला. विकलात तरी गेला, ठेवलात तरी गेला. तेव्हा ‘एवढे घातलेत म्हणून ठेवतो’ हे कारण माझ्यापुरतं बाद.

मग विकावा का? वहिनींचा हिशोब मी करून पाहिला आणि तो चांगलाच आहे, हे आधी कबूल करतो. चार हप्ते भरून झाल्यावर कार्डाचे साधारण ७९,८०० शिल्लक राहतात. मुदतीआधी फेडायला तुमचं कार्ड ३ टक्के घेतं, वर जीएसटी, म्हणजे २,८००. सव्वा लाखातून हे गेल्यावर ४२ हजारांच्या वर उरतात. तेवढ्यात, दोन-तीन हजार घालून, चांगला हलका बेस येतो आणि डोक्यावर कर्ज राहत नाही. तुम्ही जर म्हणाला असतात की हा बेस मला तितकासा आवडला नाही, तर मी इथंच थांबलो असतो.

पण तुम्ही तसं म्हणाला नाहीत. ऑफिसात ॲम्प नव्हता तरी तुम्ही दोन सूर वाजवलेत आणि कान लाकडाला टेकवलात, ते मी बघितलंय. विकल्यानंतर सहा महिन्यांनी ‘चूक झाली’ असं वाटलं तर परत घ्यायला तेच ५३ हजार वर मोजावे लागतील. म्हणून माझं म्हणणं एवढंच: दोन महिने थांबा, आणि त्या दोन महिन्यांत वजनाचा प्रश्न स्वस्तात सुटतो का ते बघा.

या थांबण्याचीही किंमत आहे, फुकट काही नाही. दोन महिन्यांचं कार्डाचं व्याज जीएसटी धरून २,४०० च्या आसपास. चामड्याचा रुंद पट्टा करून घ्याल त्याचे दीड-दोन हजार. एक डीआय बॉक्स, अडीच-तीन हजार. डॉक्टरांची फी. सगळं मिळून आठेक हजार. डीआय बॉक्स तुम्हाला माहीत आहेच, बेसची वायर त्यातून सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते. तुम्हाला ऐकायला स्टेजवर मॉनिटर स्पीकर द्यायला सांगा आणि तो बावीस किलोचा बोजा घरी ठेवा. ‘माझ्या ॲम्पचा टोन वेगळा आहे’ म्हणाल. असेल. स्टेजसमोर नाचणाऱ्या पन्नास पोरांपैकी कितीजणांना तो कळतो, तुम्हीच सांगा. रियाज घरी स्टुलावर बसून करा. कार्यक्रमातही ज्या गाण्यांना उभं राहायची गरज नाही तिथं बसायला लाज वाटू देऊ नका.

मित्र दोन महिने थांबेल का? विचारून बघा. नाही थांबला तर पुढच्या गिऱ्हाइकाकडून दहा हजार कमी येतील असं मी धरून चालतो. दोन महिन्यांनीही खांदा तसाच राहिला, किंवा डॉक्टर म्हणाले की एवढं वजन नकोच, तर वहिनींचा हिशोब जसाच्या तसा अमलात आणा. तेव्हा मला फोन करायचीही गरज नाही. मग हलक्यात काय घ्यायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता: ३० इंची तारेचा शॉर्ट स्केल, मानेच्या टोकाला खुंट्या नसलेला बिनडोक्याचा हेडलेस, किंवा हॉफनर कंपनीनं १९५६ साली काढला तसा पोकळ, व्हायोलिनच्या आकाराचा बेस. तो पोकळ असल्यामुळे तुमच्या बेसच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो.

एक उपप्रश्न तुम्ही तोंडी विचारलात. ॲशचा तुटवडा आहे, तर पुढं या बेसला भाव येईल का? ॲश पोखरणारी कीड आणि सखल पाणथळ भागातले पूर यामुळे फेंडर या गिटार कंपनीनं २०२० मध्ये नेहमीच्या मॉडेलमधून ॲश कमी करायचं ठरवलं, हे खरं. पण चार वर्षं वाट बघून भाव येणारी वस्तू म्हणून त्याकडे बघू नका. तुमचा बेस सत्तरच्या दशकातला नाही, त्या धाटणीचा आहे, आणि गिऱ्हाईक हातात घेतल्यावर पहिल्यांदा वजनच बघणार. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात मान वाकते, फ्रेट काळवंडतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, एवढी गुंतवणूक पुरे.

दुसरा बेस घ्यायला एसआयपी थांबवायची या कल्पनेला मात्र माझा साफ नकार आहे. चार हजार गुणिले बारा म्हणजे ४८ हजार, आकडा अगदी बेसच्या किमतीशी जुळतो, त्यामुळे मोह होतो. पण मुलगी नववीत आहे. चार वर्षांनी कॉलेजची फी दारात उभी राहील आणि ती काही ‘सीझन संपल्यावर देतो’ ऐकणार नाही. उलट, तुमची ती एसआयपी सगळी शेअरच्या फंडात आहे; मुलगी अकरावीत गेली की त्यातली जमलेली रक्कम टप्प्याटप्प्यानं सुरक्षित जागी हलवायला लागा. आणि एक बेस जड झाला म्हणून घरात दोन बेस, त्यातल्या एकाचे हप्ते चालू आणि दुसरा मुलीच्या फीमधून. वहिनींना हे समजावायची जबाबदारी माझ्यावर टाकू नका.

एफडीबद्दल तुमची अपेक्षा असेल की मी लगेच ‘मोडा’ म्हणेन. सात टक्के मिळवायचे आणि सोळा टक्के भरायचे, हा वेडेपणाच दिसतो. मी पण तसंच म्हणणार होतो. मग कागदावर मांडलं. उरलेल्या १४ हप्त्यांत व्याज जातं ८,२०० च्या आसपास, त्यावर जीएसटी धरून ९,७०० च्या घरात. हे वाचवायचं तर आज २,८०० दंड कार्डाला, साधारण ८०० एफडी मुदतीआधी मोडल्याचे, आणि त्या पैशावर पुढं मिळालं असतं ते व्याज साडेतीन हजारांच्या आसपास. वाचतात किती? अडीच हजार. या अडीच हजारांसाठी तुमच्याकडची एकमेव गंगाजळी जाते. घरखर्च महिन्याला चाळीस हजार, बचत खात्यात वीस हजार, आणि नोकरी फाउंड्रीत. ऑर्डर कमी झाल्या की ओव्हरटाइम आधी जातो, हे मी तुम्हाला सांगायचं नाही. एफडी राहू द्या. तिला हात लावायचा तो दवाखान्यासाठी नाहीतर पगार थांबला तर.

हप्त्याचा पगारावरचा भार कमी करायचा असेल तर दुसरी वाट आहे. ऑर्केस्ट्राचे एका कार्यक्रमाचे अडीच हजार, वर्षाला वीसेक कार्यक्रम, म्हणजे पन्नास हजार. हे पैसे आजवर कुठं गेले ते तुम्हालाही आठवेना. येत्या सीझनपासून ते वेगळ्या खात्यात टाका. बेसच्या हप्त्याचा मोठा वाटा बेसनंच भरावा. पगारातून मग महिन्याला सरासरी चार हजार मोकळे होतात, त्यांची आरडी लावा. भिशी पुन्हा लावू नका असं म्हटलं की कोल्हापुरात लोक माझ्याशी भांडतात, तरी म्हणतो. भिशीत पैसे जमतात हे खरं, पण व्याज नाही, हमी नाही, आणि नंबर लागला की एकरकमी हातात येणारा पैसा खर्चच होतो. तुमचे ७८ हजार कशात गेले ते आपल्यासमोरच आहे.

ऑर्केस्ट्राची मिळकत रिटर्नमध्ये दाखवा, रोखीत मिळाली तरी. बेस विकलात आणि तो स्वतःच्या वापरातली वस्तू धरला गेला तर नफ्यावर कर नाही, पण म्हणूनच ५३ हजारांचा तोटाही कशातून वजा होत नाही. कुणी सीए मित्र ‘ॲडजस्ट करू’ म्हणाला तर हसून सोडून द्या. आणि ठेवलात तर विमा एजंटला ‘ऑल रिस्क’ विचारा. घराच्या विम्यात घरातलं सामान येतं, टेम्पोतून रात्री गेलेलं वाद्य बहुधा येत नाही.

राहिला पट्टा. साडेतीन-चार इंच रुंद, दोन पदरी, आतून खरखरीत स्वेड चामडं हवं. स्वेड शर्टाला धरून राहतो, मान खाली घसरत नाही, डाव्या हाताचं अर्धं काम वाचतं. वजन पाच किलोच राहील, पण ते रेघेऐवजी तळहाताएवढ्या जागेवर पडेल. ऑनलाइन मागवू नका. कोल्हापूरच्या सुभाषनगरात चप्पल बांधणाऱ्या कुणाकडेही जा. ज्यांच्या हातचं चामडं वर्षानुवर्षं माणसाचं ओझं वाहतं त्यांना बेसचं काय जड? फक्त बेस सोबत न्या. नुसती लांबी सांगून जमत नाही, गळ्यात घालून उभं राहिल्यावर माप घ्यायला सांगा, आणि पट्टा बेसच्या बटणात अडकवायचं भोक आधी बारीकच पाडायला सांगा. ते वापरून सैल होतं, आणि सैल भोकातून सव्वा लाख खाली पडायला एक उडी पुरते.