हेराल्डला स्पिटफायरचे डिस्क: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तुळजापूरचा घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक सुटल्यासारखे वाटतात. इंग्लंडहून ट्रायम्फ स्पिटफायरचे कॅलिपर आणि डिस्क मागवता येतात. तेवढ्यावर भागेल का? (वाचक, होटगी रोड, सोलापूर)

नाही भागणार. दोन्ही गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन एकाच घराण्यातलं आहे, म्हणून हा बदल करता येतो. पण सुटे भाग जुळवत बसलात की पैसे दोनदा जातात. दोन्ही बाजूंचा अख्खा जोड एकाच गाडीचा घ्या: उभी लिंक, स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा), हब, डिस्क, कॅलिपर (पॅडने डिस्क पकडणारा भाग), त्याचं ब्रॅकेट आणि धूळपत्रा. ड्रमच्या हबवर डिस्क बसवायला लेथवाल्याकडे गेलात की बेअरिंगची जागा आणि चाकाचं अंतर दोन्ही बिघडतं.

जोड हातात आला की आधी ट्रनियन बघा. उभ्या लिंकचं खालचं टोक याच पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतं. उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, नेहमीचे आटे असतात आणि डावीकडे उलटे. अदलाबदल करून जोर लावला की आटे गेलेच. पूर्ण आत फिरवा, मग स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळेल इतकंच मागे घ्या, एका फेऱ्याच्या आत. आणि यात ग्रीस नको. आपल्याकडे गाडी पिटावर चढली की निपल दिसेल तिथे ग्रीसगन लागते, पण ट्रनियनला ईपी 90 गिअर ऑइलच हवं. ग्रीस घट्ट होऊन बसतं, खाली पाणी साचतं, लिंकचे आटे आतून गंजतात आणि एक दिवस पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना लिंक तुटून चाक आडवं पडतं. वेगळी गन ठेवा, त्यात ऑइल भरा, वरून ऑइल डोकावेपर्यंत मारा. जुनी लिंक पेट्रोलने धुऊन आट्यांच्या वरच्या कडेला नख फिरवा. खड्डा लागला तर ती भंगारात.

खालच्या विशबोनची (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दुहेरी दांड्याची) ब्रॅकेट्स सोडताना चेसिसला लागलेल्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, मोजून, बाजूनिहाय दोऱ्यात ओवून ठेवा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, त्यांच्यावरच ठरतो. बुशचे बोल्ट मात्र गाडी जॅकवरून खाली आणून, वजन चाकांवर घेतल्यावर घट्ट करायचे. लटकत्या गाडीवर आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि दोन-तीन महिन्यांत फाटतं. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण गॅरेजमध्ये हमखास गाळलं जातं.

हब बसवताना नट हलक्या हाताने आवळा, मग नटाची एक कड, म्हणजे सहावा हिस्सा फेरा, मागे घेऊन स्प्लिट पिन घाला. बेअरिंगला 0.05 ते 0.2 मिमी खेळ लागतो. आवळून ठेवलं तर बेअरिंग निळं पडतं.

आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा. ड्रमच्या सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह बऱ्याचदा असतो. डिस्कला तो चालत नाही, पॅड घासत राहतात आणि पाच-सात किलोमीटरवर पुढची चाकं हात लागू देत नाहीत. शिवाय कॅलिपरच्या पिस्टनला तेल जास्त लागतं. हिशोब करा: सव्वाबावीस मिमीच्या व्हील सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण 390 चौ. मिमी, 48 मिमी पिस्टनचं 1,800 च्या पुढे. पॅड थोडेच सरकतात म्हणून फरक तितका जाणवत नाही, तरी पेडल खोल जातंच. 5/8 इंचाच्या जागी 0.7 इंचाचा सिलिंडर घेतला की तेल सुमारे 25 टक्के जास्त ढकललं जातं. पेडल वर येतं, पण पायाला जोर वाढतो. मापं आपल्या भागांची घ्या, हे आकडे हिशोबाची रीत दाखवायला आहेत.

पाइपचे आटेही तपासा. 3/8 इंचाची फिटिंग 10 मिमीच्या भोकात दोन-चार आटे सैलसर जाते आणि बसल्यासारखी वाटते, पण दाबाने निघते. कॅलिपर डावा-उजवा उलटा लावला तर ब्लीड निपल (लाइनमधली हवा काढायचं तोंड) खाली येतो. मग दिवसभर ब्लीड केलं तरी हवा वरच राहते.

चाक लावण्याआधी कॅलिपरवर मळलेल्या कणकेची वाटीभर पट्टी चिकटवा, चाक फिरवा, काढा. कणीक सगळीकडे निदान 3 मिमी जाड उरली पाहिजे. रिमने खरवडली असेल तर ते चाक या कॅलिपरवर नाही. टो-इन (पुढची चाकं समोरून आत वळलेली असण्याचं माप) शून्य ते दीड मिमी ठेवा.

ब्रेकचं तेल डॉट 4 भरा. नवं डॉट 3 हे 205 अंशांवर उकळतं, डॉट 4 230 वर. ओलावा शोषल्यावर ते 140 आणि 155 वर येतात. उन्हाळ्यात घाट उतरताना हा फरक कामी येतो. पहिल्यांदा गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक रिकामाच जातो. आणि घाट ड्रमवर असो वा डिस्कवर, गिअरमध्येच उतरायचा.

प्रश्न: माझ्या प्रीमियर पद्मिनीला मारुती 800 चे डिस्क बसवून देतो, असं मेकॅनिक म्हणतो. ब्रॅकेट वेल्ड करणार आहे. (वाचक, जुळे सोलापूर)

थांबवा त्याला. मारुतीचा पुढचा हब ड्राइव्ह शाफ्टवर (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्यावर) चालणारा, तुमचा नुसता फिरणारा. बोल्टचं वर्तुळही जुळत नाही. हबला नवी भोकं पाडली की जुन्या भोकांच्या मधली भिंत पातळ होते. नकलला (चाक धरणाऱ्या सांध्याला) वेल्ड केलं की उष्णतेने त्या जागी धातू ठिसूळ होतो, आणि ब्रेक मारताना सगळा पीळ तिथेच येतो. ब्रॅकेट करायचंच तर जाड प्लेटचं, मूळ बॅकप्लेटच्या भोकांवर बोल्टने. तेही डायल गेजने डिस्कचा डगमग 0.1 मिमीच्या आत येत असेल तरच.

प्रश्न: जुन्या अ‍ॅम्बेसेडरला नंतरच्या अ‍ॅम्बेसेडरचे डिस्क चालतील? (वाचक, अक्कलकोट)

स्टब अ‍ॅक्सलपासून पूर्ण जोड आणि बूस्टरसह घेतले तर हा सगळ्यात सोपा मार्ग. फक्त टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) उतरवण्याआधी पंचने दोन्ही टोकांना खूण करा. वापरलेला बार त्याच बाजूला, त्याच खुणेवर परत. डावा-उजवा बदलला तर उलट्या दिशेने पिळला जातो आणि तुटू शकतो.

प्रश्न: आरटीओची अडचण येईल का? (वाचक, पंढरपूर)

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारा. 50 वर्षांच्या पुढची गाडी 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदवायची असेल, 20,000 रुपये शुल्क, 10 वर्षं मुदत, तर चेसिस, बॉडी, इंजिनला हात लावलेला चालत नाही. काढलेला ड्रमचा जोड तेल लावून, गोणपाटात बांधून ठेवा. विकू नका.